तीर्थोपाध्यांची वही : यजमानांची माहिती नेमकी कोणाची?

नाशिकच्या रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी आलेल्या कुटुंबाला तीर्थोपाध्ये पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा नावाचा नसतो, गावाचा असतो. "मूळ गाव कोणते?" मग आडनाव, मग आजोबांचे नाव. आज राहता कुठे, याला फारसे महत्त्व नाही. पुण्यात तीन पिढ्या काढलेल्या माणसालाही पणजोबांचे गाव आठवावे लागते. कारण घरातल्या फडताळातील वह्या त्याच क्रमाने लावलेल्या असतात. गाव सापडले की कूळ सापडते, कूळ सापडले की पान सापडते आणि त्या पानावर कधी काळी याच कुंडावर येऊन गेलेल्या पूर्वजाची नोंद असते. नशीब चांगले असेल तर त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात.

या वह्यांविषयी लिहिताना श्रद्धा किंवा नवल यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. वास्तविक तीर्थोपाध्यायाचे घर हा पिढ्यान्‌पिढ्या चाललेला एक लहानसा व्यवसाय होता. विशिष्ट ज्ञान, ठरावीक गिऱ्हाईक, सेवेबद्दल दक्षिणा, आणि या सर्वांचा पाया म्हणजे गिऱ्हाइकाची नोंदवलेली खासगी माहिती. आजच्या वकिलाच्या किंवा करसल्लागाराच्या कचेरीपुढे जे प्रश्न उभे आहेत, ते या घरांपुढे फार पूर्वी उभे राहिले होते. माहिती कोणाची? ती कोणाला दाखवावी? गिऱ्हाईक सोडून गेला तर वहीचे काय? आणि यजमानाने एका हेतूने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच हेतूसाठी वापरली गेली तर?

नावे प्रांतागणिक निराळी. हरिद्वारला पंडे आणि त्यांची 'बही', गयेला गयावळ, प्रयागला प्रयागवाळ, काशीला गंगापुत्र, महाराष्ट्रात तीर्थोपाध्ये किंवा क्षेत्रोपाध्ये आणि त्यांची 'नामावळी'. रीत मात्र सर्वत्र जवळपास एकच. देशभरातील यजमान प्रांत, गाव, जात आणि कूळ यांच्या आधारे पंड्यांच्या घराण्यांत वाटलेले असत. अमुक परगण्यातील अमुक जातीची माणसे अमुक घराण्याची, ही वाटणी गिऱ्हाइकाच्या जन्मापूर्वीच झालेली असे.

नोंदीत काय असे? आलेल्याचे नाव, बापाचे, आज्याचे, भावांचे, मुलांचे; गाव, जात, गोत्र किंवा कूळ; येण्याचे निमित्त; कोणाच्या अस्थी आणल्या; सोबत कोण होते; कधी दिलेल्या किंवा कबूल केलेल्या दानाचा उल्लेख. पुढच्या खेपेस घरातील जन्म, विवाह, मृत्यू यांची भर पडे. बहुतांश नोंदी पुरुषवंशाच्या असतात. स्त्रिया येतात त्या कोणाची तरी आई, पत्नी किंवा विधवा म्हणून. या वह्यांवरून समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने त्या काय सांगत नाहीत हेही पाहिले पाहिजे. यात्रा परवडली नाही किंवा ज्यांना तीर्थावरच्या विधींपासून दूर ठेवले गेले, त्यांचे पान वहीत उघडलेच गेले नाही.

नोंदीतील एक भाग पुष्कळदा दुर्लक्षिला जातो, पण व्यवसायाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. यजमान लिहून देई, की अमुक हे आमचे तीर्थोपाध्ये. आमच्या वंशातील जो कोणी येईल त्याने यांनाच मानावे. राजे, सरदार, देशमुखांपासून सामान्य कुणब्यापर्यंत असे लेख दिले जात. म्हणजे वहीचे पान ही केवळ वंशावळ नव्हती; ते एक करारपत्र होते, आणि तेही न जन्मलेल्या वंशजांना बांधणारे! दुसरा पंडा आडवा आला तर वही उघडून पूर्वजाची सही दाखवायची आणि वाद मिटवायचा. आजच्या भाषेत बोलायचे तर संमती पणजोबांनी दिली आणि ती पणतवाच्या गळ्यात पडली.

यातून माहितीच्या गुप्ततेची एक चमत्कारिक व्यवस्था जन्माला आली. वही परक्याला दाखवायची नाही, हा दंडक या घराण्यांत कडक होता. गाव-कूळ नीट सांगता न येणाऱ्यापुढे पान उघडत नसे. परंतु हा दंडक यजमानाच्या खासगीपणासाठी जन्मला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. भीती होती ती प्रतिस्पर्ध्याची. नोंदी दुसऱ्याच्या हाती लागल्या तर गिऱ्हाईकच गेले. यजमानाचे संरक्षण होत असे, पण ते उपाध्यायाच्या स्वार्थाच्या सावलीत. व्यवहारात ही सावली बरीच दाट होती, हेही मान्य करायला हवे. कागदावरच्या कित्येक कायद्यांपेक्षा ती अधिक काळ टिकली.

उलट दिशेचा वापरही होता. यात्रेचा हंगाम नसे तेव्हा पंडे किंवा त्यांचे गुमास्ते यजमानांच्या मुलखात फेरी काढत. गंगाजल आणि प्रसाद द्यायचा, कबूल केलेली दक्षिणा गोळा करायची, घरात कोण जन्मले, कोण वारले याची ताजी खबर घ्यायची आणि पुढच्या यात्रेचे आमंत्रण देऊन यायचे. गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन माहिती अद्ययावत ठेवण्याची ही पद्धत एखाद्या चाणाक्ष विमा प्रतिनिधीलाही मान खाली घालायला लावील.

आता मालकीचा प्रश्न. उपाध्यायाच्या घरात भाऊ वेगळे झाले की शेत, वाडा आणि भांडी यांच्यासोबत यजमानही वाटले जात. अमुक गावे थोरल्याकडे, अमुक धाकट्याकडे. वह्याही त्याप्रमाणे फुटत. वृत्ती गहाण पडे, विकली जाई. धर्मशास्त्रात अशा नियमित उत्पन्नाच्या हक्काला 'निबंध' म्हणत आणि त्याची गणना स्थावराबरोबर करत. एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयानेही हाच धागा धरून वंशपरंपरागत पौरोहित्याच्या वृत्तीकडे स्थावर मालमत्तेच्या नजरेने पाहिले. जमिनीचा तुकडा आणि माणसांच्या नावांनी भरलेली वही कायद्याच्या तराजूत एकाच पारड्यात बसली. ज्यांची नावे त्या वहीत होती, त्यांना या व्यवहारात विचारण्याचे कारण कोणालाच वाटले नाही.

विचारले गेले पाहिजे, असे म्हणणारा आवाज महाराष्ट्रात निघाला तो तीर्थक्षेत्रांतून नव्हे, खेड्यांतून. १८७३ साली जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि ब्राह्मण पुरोहितावाचून लग्ने लागू लागली. काही गावांतील जोशांनी आपली दक्षिणा बुडाली म्हणून न्यायालयात धाव घेतली. बोलावले नाही, विधी केला नाही, तरी वतनदार म्हणून पैसे मिळावेत, असा दावा. ग्रामजोशी आणि तीर्थोपाध्याय यांच्या वृत्ती वेगळ्या. पण मूळ प्रश्न तोच होता. यजमान हा पुरोहिताच्या मालमत्तेचा भाग आहे, की आपला पुरोहित निवडणारा स्वतंत्र माणूस? मुंबई प्रांतात या प्रश्नावर अनेक दशके वाद चालला. शेवटी १९२६ साली मुंबईच्या कायदेमंडळाने, न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरील हक्क संपवणारा कायदा केला. गिऱ्हाइकाला सोडून जाण्याचा अधिकार मिळायला इतकी वर्षे लागली.

दरम्यान १८७२ साली एक कायदा झाला, ज्याने या वह्यांचे नशीबच बदलले. भारतीय पुरावा कायदा. त्याच्या दोन कलमांची तुलना फार बोलकी आहे. कलम १२६ प्रमाणे बॅरिस्टर, ॲटर्नी, प्लीडर किंवा वकील यांना अशिलाने व्यवसायाच्या ओघात सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीवाचून उघड करता येत नसे. काम संपले तरी हे बंधन सुटत नसे. बेकायदा कृत्याला हातभार लावण्यासाठी केलेले बोलणे हा त्यातील एक अपवाद. या यादीत वैद्य किंवा डॉक्टर नाही. पुरोहितही नाही.

दुसरे कलम ३२, त्यातील पोटकलम ५. सामान्यतः ऐकीव गोष्ट पुरावा ठरत नाही. परंतु नात्याविषयी विशेष माहिती असणाऱ्या व्यक्तीने रक्त, विवाह किंवा दत्तक यांच्या संबंधाबद्दल काही सांगितले किंवा लिहिले असेल, ती व्यक्ती आता हयात नसेल, आणि ते विधान वाद उपस्थित होण्यापूर्वीचे असेल, तर ते ग्राह्य धरता येते. ही अट वाचली की तीर्थाच्या वहीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पन्नास वर्षांपूर्वी आईच्या अस्थी घेऊन आलेल्या माणसाने भावांची आणि पुतण्यांची नावे लिहिली, तेव्हा पुढे इस्टेटीवरून भांडण होणार हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून तर त्याच्या शब्दाला वजन!

अशा रीतीने वारसाहक्काच्या खटल्यांत पंडे बह्या घेऊन साक्षीला उभे राहू लागले. दत्तक खरा की खोटा, एखादी शाखा निर्वंश झाली की नाही, दोन माणसांचा मूळ पुरुष एक की वेगळा, असे प्रश्न कधी कधी एका ओळीवर येऊन थांबत. ती ओळ लिहिणाऱ्याने ती पितरांच्या शांतीसाठी लिहिली होती. वाचली गेली ती शेतजमिनीच्या वाटणीसाठी. त्याच कायद्याने वकिलाच्या कचेरीला आतून कडी लावली आणि उपाध्यायाच्या वहीचे पान न्यायालयात उघडले. वकिलाने अशिलाचे गुपित बाहेर नेले तर न्यायदानच अडखळेल, हे कायदा करणाऱ्यांना दिसत होते. यजमानाने उपाध्यायाला सांगितलेली गोष्ट ही मुळात गुपित असू शकते, हे त्यांना सुचले नसावे.

न्यायाधीशांना या वह्या डोळे झाकून मानता येत नव्हत्या, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनीही मानू नयेत. कागद झिजतो, वाळवी लागते. म्हणून जुनी वही नव्या वहीत उतरवून काढली जाते. उतरवताना नाव चुकते, पिढी गळते, क्वचित मुद्दाम घुसडलीही जाते. म्हणून नोंदीचे थर ओळखावे लागतात. यात्रेकरूने त्या दिवशी स्वहस्ते लिहिलेली ओळ सर्वांत भक्कम. उपाध्यायाने ऐकून लिहिलेली त्याखालोखाल. मागाहून उतरवलेली त्याहून कच्ची. आणि यात्रेकरूने स्मरणाने सांगितलेल्या आजा-पणजाच्या पलीकडच्या पिढ्या तर कुटुंबाची आठवण म्हणून घ्याव्यात, पुरावा म्हणून नव्हे.

तिथीचीही परीक्षा करावी. उत्तरेकडील नोंदीत बहुधा विक्रम संवत असतो, महाराष्ट्रातील नोंदीत शके. संवतातून साधारण ५७ वजा केले की इसवी सन निघतो, शकात ७८ मिळवले की निघतो; वर्षारंभाच्या फरकाने एखादे वर्ष मागेपुढे होते. शकासोबत संवत्सराचे नाव दिले असेल तर उत्तम. आकडा आणि नाव जुळले नाही तर कान टवकारावेत. 'आमच्या उपाध्यांकडे हजार वर्षांची वंशावळ आहे' असे समाजमाध्यमांवर पुष्कळदा वाचायला मिळते. भारतात कागदाचा वापर सर्वत्र रुळला तोच मध्ययुगात, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अशा दाव्यांचा फुगा बराच खाली येतो.

काटेकोरपणे वापरल्या तर याच वह्या काय देऊ शकतात, याचे सर्वांत सुंदर उदाहरण चित्रकलेच्या इतिहासात आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांत सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात काढलेली पहाडी चित्रे जगभर नावाजली गेली, पण ती काढली कोणी हे फारसे ठाऊक नव्हते. चित्रकार क्वचितच सही करत. त्यामुळे चित्रांची विभागणी संस्थानांच्या नावाने होई : बसोली, गुलेर, कांगडा. कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी उलट बाजूने शोध सुरू केला. चित्रकारही माणसेच, त्यांचे आईबाप वारले असतील, अस्थी घेऊन ते तीर्थाला गेले असतील, आणि तिथे पंड्याने नाव-गाव-जात विचारली असेल.

हरिद्वारसारख्या तीर्थांवरील बह्या त्यांनी पालथ्या घातल्या. चित्रकार म्हणून कुठेही न बोललेली माणसे तिथे कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी नातू म्हणून बोलू लागली. त्यातून पंडित सेऊ, त्यांचे पुत्र मानकू आणि नैनसुख आणि त्यांची पुढील संतती अशी एका घराण्याची साखळी उभी राहिली. पहाडी शैलीचा आधार संस्थान नसून कुटुंब आहे, हे प्रतिपादन गोस्वामी यांनी १९६८ साली 'मार्ग' नियतकालिकातील प्रबंधात मांडले. एका राजाचा आश्रय सोडून चित्रकार दुसऱ्याकडे गेला तरी हात तोच राहतो, हे त्यामुळे समजू लागले.

त्यातही नैनसुखची नोंद मनाला चटका लावणारी. त्याचा आश्रयदाता, जसरोट्याचा बलवंतसिंह, १७६३ साली वारला. त्याच्या अस्थींसोबत नैनसुख हरिद्वारला गेला आणि पंड्याच्या बहीत त्याने स्वतःची नोंद केली. सोबत एक लहानसे रेखाचित्रही काढले. आयुष्यभर धन्याला चितारणाऱ्या कलावंताने स्वतःविषयी स्वहस्ते मागे ठेवलेल्या मोजक्या खुणांपैकी ही एक. राजदरबाराच्या दफ्तरात जे मिळाले नाही, ते एका पंड्याच्या घरातील कापडात गुंडाळलेल्या बाडात दोनशे वर्षे सुरक्षित राहिले. सुरक्षित राहिले ते पंड्याला कलेची कदर होती म्हणून नव्हे. तो त्याच्या यजमानाचा कागद होता, म्हणून.

याच सुमारास वह्यांकडे आणखी एका दिशेने लक्ष गेले. अमेरिकेतील युटा येथील जीनिअलॉजिकल सोसायटी ही मॉर्मन चर्चशी संलग्न संस्था जगभरातील वंशनोंदींच्या सूक्ष्मपटलावर प्रती काढत होती. १९७७ पासून हरिद्वारसह काही भारतीय तीर्थक्षेत्रांतील बह्यांचेही सूक्ष्मचित्रण झाले. ओल, वाळवी आणि आग यांच्या भीतीखालील कागदाची प्रत निघाली, हा लाभ मोठा. पण ती संस्था वंशनोंदी जमवते त्यामागे एक धार्मिक हेतू आहे : मृत पूर्वजांच्या वतीने त्या पंथाचे विधी करता यावेत. नाझी संहारात मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे या विधींसाठी वापरली गेल्याचे उघड झाले तेव्हा तीव्र आक्षेप निघाला आणि १९९५ साली ती नावे काढून टाकण्याविषयी करार करावा लागला. नावे खरी होती, नोंदी खऱ्या होत्या, कोणाचे आर्थिक नुकसान झाले नव्हते. तरीही मृतांच्या आप्तांना ते सहन झाले नाही, कारण माहिती ज्या हेतूने दिली गेली तो हेतू बदलला होता.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. ज्याची माहिती आहे त्याची संमती, सांगितलेल्या हेतूपुरताच वापर, दुरुस्तीचा आणि पुसून टाकण्याचा अधिकार, ही त्याची मुख्य सूत्रे. परंतु हा कायदा लागू होतो तो डिजिटल रूपात गोळा केलेल्या, किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीला. फडताळातील मोडी अक्षरांची नामावळी त्याच्या कक्षेबाहेर आहे. त्याच पानांची छायाचित्रे काढून उपाध्यायाच्या मुलाने व्यवसायासाठी संगणकात गाव-आडनावाची सूची तयार केली, की हयात यजमानांपुरता कायद्याचा प्रश्न सुरू होतो.

आणि अडचण इथेच आहे. वहीच्या एकाच पानावर १८४० सालचा मृत पूर्वज, १९६० साली सही केलेला आजोबा आणि गेल्या वर्षी मुंबईहून आलेला नातू शेजारी शेजारी बसलेले असतात. संशोधन आणि अभिलेख जतन यांसाठी कायद्यात सवलत ठेवली आहे, पण ती विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेण्यासाठी माहिती वापरली जात नसेल तरच. उपाध्यायाच्या घरात तर वही उघडते तीच समोर उभ्या असलेल्या विशिष्ट व्यक्तीसाठी. नातवाने आपले नाव पुसायला सांगितले तर आजोबाची ओळ ठेवून फक्त नातवाची खोडता येईल. मात्र त्याच्या मुलाला पुढे आपले पान सापडायचे असेल तर ज्या नावावरून ते शोधायचे, ते नाव तिथे नसेल.

तोपर्यंत नवी पिढी दुसऱ्याच अडथळ्याशी झुंजत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली. आपल्याच घराच्या जुन्या वह्या सहज वाचू शकणारे उपाध्याय कमी होत चालले आहेत, आणि यजमानांत तर मोडी जाणणारा विरळाच. कित्येक पाने अशी आहेत की जी आज कोणालाही दाखवली तरी त्यांतील गोष्ट गुप्तच राहील.